विश्लेषण : दोन आसनी ‘लाइट स्पोर्ट’ विमान घरच्यांना इतके भीतीदायक का वाटते?

नाशिककरांना विमानाचे अप्रूप नाही. ओझरचा ‘एचएएल’चा कारखाना १९६४ सालचा. मिग आणि सुखोईचा आवाज ऐकत इथल्या पिढ्या वाढल्या. गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांची शाळा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओझरलाच तेजस एमके-१ए आणि एचटीटी-४० या विमानांच्या नव्या उत्पादन साखळ्यांचे उद्घाटन झाले. तरीही घरातल्या मुलाने किंवा मुलीने ‘मला दोन आसनी छोटे विमान उडवायचे आहे’ असे म्हटले, की जेवणाच्या ताटावर शांतता पसरते. मोठ्या विमानाचा वैमानिक होणे अभिमानाचे, पण छोट्या विमानात बसणे जिवावरचे, असा अनेक घरांचा समज असतो. उडवणाऱ्याचे मत नेमके उलटे असते. या दोन मतांमध्ये इतके अंतर का आहे आणि त्यातले खरे कोणते, हे समजून घेण्याचा हा प्रयत्न.

लाइट स्पोर्ट विमान म्हणजे नेमके काय?

‘लाइट स्पोर्ट एअरक्राफ्ट’ हा गट जगभर रूढ झाला तो अमेरिकेच्या २००४ सालच्या नियमांमुळे. प्रवासी आणि इंधन यांच्यासह उड्डाणाच्या वेळचे वजन जास्तीत जास्त ६०० किलो, आसने दोन, पिस्टनचे एकच इंजिन, चाके न मिटणारी, केबिनमध्ये हवेचा दाब वाढवण्याची सोय नाही आणि सपाट उड्डाणातील कमाल वेग १२० नॉट, म्हणजे ताशी सुमारे २२२ किलोमीटर, अशी ही चौकट. त्यातली सर्वांत महत्त्वाची अट ‘स्टॉल’ वेगाची आहे. पंखांना विमान पेलता येईल असा किमान वेग म्हणजे स्टॉल वेग. तो ४५ नॉटपेक्षा, म्हणजे ताशी सुमारे ८३ किलोमीटरपेक्षा जास्त नसावा. मुंबई-आग्रा महामार्गावर मोटार याच वेगाने धावते.

आणखी एक फरक कागदावरचा आहे. मोठ्या विमानाच्या प्रत्येक प्रकाराला सरकारी यंत्रणा तपासून प्रमाणपत्र देते. अमेरिकेच्या पद्धतीत लाइट स्पोर्ट विमान उद्योगाने मान्य केलेल्या मानकांनुसार बनवले जाते आणि ते तसे बनवले आहे, हे कंपनी स्वतः जाहीर करते. त्यामुळे किंमत कमी होते. त्याच कारणाने काही वैमानिक या गटाकडे साशंकतेने पाहतात. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे ‘डीजीसीए’, मायक्रोलाइट आणि लाइट स्पोर्ट असे दोन हलके गट ओळखते. मायक्रोलाइट त्याहून हलके.

महाराष्ट्राचा या विमानांशी काय संबंध?

या गटातील देशातले सर्वांत गाजलेले विमान मुंबईच्या वैमानिकेने उडवले. बोरिवलीची आरोही पंडित मे २०१९ मध्ये लाइट स्पोर्ट विमानातून एकटीने अटलांटिक महासागर पार करणारी जगातील पहिली महिला ठरली. तेव्हा तिचे वय २३ होते. स्कॉटलंडमधील विक येथून आइसलँड आणि ग्रीनलँडमार्गे कॅनडातील इकालुइट, असा सुमारे तीन हजार किलोमीटरचा तो टप्पा होता. ‘माही’ हे तिचे विमान स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेल कंपनीचे ‘सायनस ९१२’ जातीचे. डीजीसीएकडे नोंदणी झालेले देशातील पहिले लाइट स्पोर्ट विमान म्हणून ते ओळखले जाते. जुलै २०१८ मध्ये पतियाळाहून ही मोहीम निघाली, तेव्हा तिच्यासोबत पालघर जिल्ह्यातील बोईसरची कीथेअर मिस्किटा होती.

पुढे १५ ऑक्टोबर २०२१ रोजी आरोहीने जेआरडी टाटांच्या १९३२ सालच्या कराची-मुंबई उड्डाणाच्या स्मरणार्थ भुजहून मुंबईच्या जुहूपर्यंत उड्डाण केले. जीपीएस वापरले नाही आणि पेट्रोल लागले ६० लिटरपेक्षा कमी. जेआरडींचे ‘पस मॉथ’ हेही एका इंजिनाचे छोटे विमानच होते. देशातील नियमित हवाई टपालसेवा ज्यातून सुरू झाली, ते विमान आजच्या घरांनी पाहिले तर त्यालाही ‘खेळण्यातले’च म्हटले असते.

हलक्या विमानांचा वापर हौसेपुरता नाही. हवाई दल, नौदल आणि एनसीसीसाठी सरकारने २०१५ मध्ये पिपिस्ट्रेलच्या १९४ मायक्रोलाइट विमानांची मागणी नोंदवली होती. उत्तर महाराष्ट्रातील विद्यार्थी वैमानिक व्हायला निघतो, तेव्हा धुळे, शिरपूर, जळगाव किंवा थेट बारामती ही नावे समोर येतात. यातील काही ठिकाणी इटलीच्या टेक्नाम कंपनीची ‘पी-२००८ जेसी’ ही दोन आसनी विमाने वापरली गेली आहेत. या विमानाची एक आवृत्ती लाइट स्पोर्ट गटात बसते. ‘जेसी’ ही थोडी जड आवृत्ती असून ती युरोपच्या ‘अतिहलकी विमाने’ या नियमावलीनुसार रीतसर प्रमाणित आहे. म्हणजे नाशिकच्या घरातले मूल ‘कमर्शियल पायलट’ व्हायला निघाले, तरी त्याचे पहिले विमान याच कुळातले असण्याची शक्यता मोठी आहे.

घरच्यांना नेमकी कशाची भीती वाटते?

पहिली भीती आकाराची. ६०० किलो म्हणजे छोट्या मोटारीपेक्षाही हलके. पंख कार्बन किंवा काच तंतूंचे, दरवाजा हाताने ओढून लावायचा आणि पंखा एकच. दुसरी भीती इंजिनाची. मोठ्या विमानाला निदान दोन इंजिने असतात, याला एकच आहे, ते बंद पडले तर काय? तिसरी भीती एकटेपणाची. बस, रेल्वे, प्रवासी विमान यांत चालक व्यावसायिक असतो आणि सोबत माणसे असतात. इथे ‘आपलेच पोर’ चालक असते.

चौथी भीती बातम्यांमधून येते. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला एअर इंडियाचे विमान कोसळून विमानातील आणि जमिनीवरील मिळून २६० जणांचा मृत्यू झाला. ‘एवढे मोठे विमान पडते, तर या एवढ्याशाचे काय?’ हा प्रश्न त्यानंतर स्वाभाविकच होता. पण दोन विमानांची तुलना आकारावरून करणे फसवे असते. मोठ्या विमानाची सुरक्षा त्याच्या आकारातून येत नाही. ती दोन वैमानिक, कडक देखभाल, हवामान यंत्रणा, नियंत्रण कक्ष आणि ठरलेली कार्यपद्धती यांतून येते. छोट्या विमानात यातील बराचसा भार एकाच माणसावर असतो. खरा फरक तिथे आहे.

वैमानिकांना ही विमाने सुरक्षित का वाटतात?

मुख्य कारण वेग. धडकेतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८३ किलोमीटरने जमिनीला टेकणाऱ्या विमानाच्या तुलनेत ताशी २२२ किलोमीटरने उतरणाऱ्या, तेवढ्याच वजनाच्या विमानात सुमारे सातपट ऊर्जा असते. वेग कमी असेल तर उतरायला जागाही कमी लागते. मोकळे शेत, माळ किंवा सरळ रस्ता अडचणीत पुरू शकतो.

दुसरे कारण तरंगण्याची क्षमता. इंजिन बंद पडले की विमान दगडासारखे कोसळते, हा समज चुकीचा आहे. इंजिन थांबले तरी पंख काम करतात आणि विमान उतरत्या रेषेत पुढे सरकत राहते. प्रशिक्षणासाठी वर्षानुवर्षे वापरले जाणारे सेसना १७२ एक किलोमीटर उंचीवरून साधारण नऊ किलोमीटर तरंगत जाऊ शकते. ‘सायनस’चे पंख ग्लायडरसारखे लांब असल्याने वारा शांत असताना ते अंतर सुमारे २७ किलोमीटर भरते. ओझरच्या धावपट्टीवर एक किलोमीटर उंचीवर इंजिन थांबले, तर कागदोपत्री ते पंचवटीच्याही पलीकडे जाऊ शकेल. मात्र सर्वच लाइट स्पोर्ट विमाने इतकी तरंगणारी नसतात.

तिसरे कारण छत्री. ४ जून २०२४ रोजी निफाड तालुक्यातील शिरसगावच्या शिवारात सुखोई कोसळले, तेव्हा दोन्ही वैमानिक आसनासह बाहेर फेकले जाऊन वाचले. लाइट स्पोर्ट विमानात तशी आसने नसतात. त्याऐवजी अनेक विमानांत संपूर्ण विमानालाच पेलणारे पॅराशूट बसवलेले असते. दांडा ओढला की छोटे रॉकेट ते बाहेर खेचते आणि माणसांसह विमान खाली उतरते. घरच्यांना याची माहिती क्वचितच असते. ती मिळाली की भीती बरीच कमी होते.

मग वैमानिकांचे म्हणणे पूर्ण खरे आहे का?

नाही. जो हलकेपणा उतरताना उपयोगी पडतो, तोच वाऱ्यात अडचणीचा ठरतो. आडव्या वाऱ्याचा झोत जड विमान सहन करते, हलके विमान त्याच झोताने धावपट्टीवरून बाजूला ढकलले जाते. मार्च ते मे या काळात दख्खनच्या पठारावर दुपारी तापलेली हवा वर उसळते, तेव्हा हे विमान खड्ड्यांच्या रस्त्यावरच्या दुचाकीसारखे उडते. पावसाळ्यात इगतपुरी-कसारा पट्ट्यात ढग घाटमाथ्यावर टेकतात. डोळ्यांना दिसेल तेवढ्याच भरवशावर उडणाऱ्या विमानासाठी ती वाट बंदच समजायची. हिवाळ्यात सकाळचे धुके असते.

उष्णतेचा हिशेबही लक्षात घ्यावा लागतो. नाशिक परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. तापमान ४० अंशांवर गेले की हवा इतकी विरळ होते, की विमानाच्या दृष्टीने ती १६०० मीटरपेक्षा जास्त उंचीवरच्या हवेसारखी असते. म्हणजे जणू कळसूबाईच्या माथ्यावरूनच उड्डाण करायचे. धाव जास्त लागते आणि चढ कमी मिळतो.

वजनाची चौकटही कडक असते. समजा रिकाम्या विमानाचे वजन ३४० किलो आहे. मग माणसे, इंधन आणि सामान यांच्यासाठी २६० किलो उरतात. प्रत्येकी ८५ किलोच्या दोन व्यक्ती बसल्या की ९० किलो उरतात. १०० लिटर पेट्रोल सुमारे ७२ किलोचे. राहिले १८ किलो. ‘येताना काकूंकडची द्राक्षाची दोन पेटी घेऊन ये’ हे मोटारीला चालते, इथे चालत नाही.

‘मोटारसायकलच्या पेट्रोलवर चालते’ हेही अर्धसत्य आहे. या गटात सर्रास दिसणारे ऑस्ट्रियाचे ‘रोटॅक्स ९१२’ इंजिन मोटारीच्या पेट्रोलवर चालते आणि तासाला साधारण १२ ते १८ लिटर इंधन घेते, हे खरे. पण कंपनीच्या सूचनांनुसार त्या पेट्रोलात इथेनॉल १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी शोषून घेते, रबरी नळ्यांवर परिणाम करते आणि उष्णतेत इंधनाची वाफ होऊन पुरवठा अडण्याचा धोका वाढवते. कोपऱ्यावरच्या पंपावरून कॅन भरून आणणे ही काटकसर महागात पडू शकते.

छत्रीलाही मर्यादा आहे. ती उघडायला उंची लागते. उड्डाण घेताना आणि उतरताना, म्हणजे जिथे अपघात जास्त होतात तिथे, पुरेशी उंची अनेकदा नसते.

अनुभवी वैमानिकांना ही विमाने सोपी जातात का?

नेहमीच नाही. ओझर आणि गांधीनगर यांमुळे नाशिकमध्ये निवृत्त वैमानिकांची संख्या चांगली आहे. निवृत्तीनंतर हौसेखातर हलके विमान उडवावे, असे वाटणे साहजिक आहे. घरचे मात्र ‘एवढी वर्षे मोठे विमान उडवले, आता हे पोरखेळ कशाला?’ असे विचारतात. गंमत म्हणजे ‘पोरखेळ’ हा समज वैमानिकाचाही असू शकतो आणि तिथेच चूक होते. जड विमानाला जडत्व असते. शक्ती कमी केली तरी ते पुढे सरकत राहते. हलके विमान लगेच मंदावते. जुन्या सवयीने धावपट्टीच्या थोडे वरच नाक उचलले, की विमान हवेतच वेग गमावते आणि आपटते. अमेरिकेत हा गट नवा असताना हजारो तासांचा अनुभव असलेल्या वैमानिकांकडूनही उतरताना अशा चुका झाल्या. त्यामुळे अनुभव कितीही असला तरी या विमानाचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते.

आकडे काय सांगतात?

अमेरिकेत खासगी आणि हौशी विमानांची दीर्घकालीन नोंद ठेवली जाते. तिथे या क्षेत्रात साधारण एक लाख उड्डाणतासांमागे एकाच्या आसपास जीवघेणा अपघात होतो. प्रवासी विमानसेवेच्या तुलनेत हा धोका कितीतरी पटींनी जास्त आहे. विमान सुरक्षेत त्याची तुलना अनेकदा मोटारसायकलशी केली जाते. म्हणजे घरच्यांची भीती निराधार नाही.

पण याच तुलनेची दुसरी बाजूही आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यात दुचाकीस्वारांचा वाटा ४४.५ टक्के होता. कॉलेजला जाणाऱ्या मुलाच्या हातात दुचाकीची किल्ली देताना बहुतेक घरांत रात्रीची झोप उडत नाही. धोका तिथेही असतो, फक्त तो ओळखीचा असतो.

छोट्या विमानांच्या अपघातांत बहुतांश वेळा कारण निघते ते वैमानिकाच्या निर्णयाचे. वाईट हवामानात शिरणे, इंधनाचा हिशेब चुकणे, खाली उडून कसरत दाखवणे, उतरताना वेग हाताबाहेर जाणे अशी ही कारणे. पंख तुटणे किंवा इंजिन अचानक बंद पडणे, ज्याला घरचे सर्वांत जास्त घाबरतात, त्याचा वाटा तुलनेने कमी असतो.

एकाच धोक्याकडे दोन नजरा का?

अमेरिकी संशोधक चॉन्सी स्टार यांनी १९६९ मध्ये मांडलेला निष्कर्ष इथे उपयोगी पडतो. स्वतःहून पत्करलेला धोका माणूस लादलेल्या धोक्याच्या सुमारे हजारपट असला तरी स्वीकारतो, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९८७ मध्ये मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी दाखवले, की लोक धोका मोजताना फक्त मृत्यूंची संख्या पाहत नाहीत. तो अनोळखी आहे का, आपल्या हाताबाहेरचा आहे का, त्यात भयानकता आहे का, यावर भीती ठरते.

वैमानिकासाठी धोका स्वेच्छेचा, ओळखीचा आणि हातातला असतो. कारण दांडा त्याच्याच हातात आहे. आई-वडिलांसाठी किंवा पत्नीसाठी तोच धोका लादलेला, अनोळखी आणि पूर्णपणे हाताबाहेरचा असतो. ते खाली बसून फक्त फोनची वाट पाहू शकतात. म्हणून ‘तुम्हाला त्यातले काही कळत नाही’ असे सांगून वाद मिटत नाही. माहिती दिल्याने भीती कमी होते हे खरे, पण घरच्यांच्या हातातही काहीतरी आल्याशिवाय ती निवळत नाही.

अपघातांनी काय शिकवले?

१६ जुलै २०२१ रोजी जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी वर्डी शिवारात टेक्नाम पी-२००८ जेसी हे प्रशिक्षण विमान कोसळले. प्रशिक्षकाचा मृत्यू झाला, प्रशिक्षणार्थी तरुणी गंभीर जखमी झाली. रस्ता नव्हता. गावातील आदिवासी बांधवांनी बांबूला साडी बांधून झोळी केली आणि तिला डोंगरातून खाली आणले. छोट्या विमानाचा अपघात बहुधा अशाच आडवाटेला होतो आणि पहिली मदत गावकरीच करतात. म्हणून एक गोष्ट गावांनीही लक्षात ठेवावी. विमानात न उघडलेले पॅराशूट असेल तर त्याचे रॉकेट मदत करणाऱ्यालाही इजा करू शकते. विमानाच्या अंगावर तशी सूचना चिकटवलेली असते. ती दिसली तर तिथल्या तारा कापू किंवा ओढू नयेत.

ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात एकाच आठवड्यात दोन प्रशिक्षण विमाने कोसळली. त्यानंतर डीजीसीएने संबंधित संस्थेचे प्रशिक्षण काही काळ थांबवले. छोट्या विमानाचा प्रश्न विमानापुरता नसतो, ते सांभाळणाऱ्या संस्थेचाही असतो, हे यातून पुढे आले. ऑक्टोबर २०२५ पासून डीजीसीएने प्रशिक्षण संस्थांची श्रेणी जाहीर करायला सुरुवात केली. पहिल्या यादीत सर्वांत वरच्या दोन श्रेणींत देशातील एकही संस्था नव्हती. पालकांसाठी ही यादी विमानाच्या आकारापेक्षा कितीतरी जास्त बोलकी आहे.

कुटुंबामुळे धोका वाढू शकतो का?

होय. उड्डाणापूर्वी वैमानिकाने चार गोष्टी तपासाव्यात, असे अमेरिकी यंत्रणेच्या प्रशिक्षणात शिकवले जाते. वैमानिक स्वतः, विमान, हवामान आणि परिसर, आणि चौथी गोष्ट बाहेरचा दबाव. या चौथ्या गोष्टीत कुटुंब येते. ‘संध्याकाळी साखरपुडा आहे, वेळेत ये’, ‘सगळे थांबलेत’, ‘पाहुण्यांना एक चक्कर मारून आण’ ही वाक्ये प्रेमाची असतात. पण समोर ढग दाटलेले असताना ‘एवढे जाऊन येऊ’ असे वाटायला तीच भाग पाडतात. घरी पोहोचण्याच्या ओढीने घेतलेले चुकीचे निर्णय हे विमान अपघातांचे जुने, ओळखीचे कारण आहे.

सततचा विरोधही तितकाच घातक ठरू शकतो. घरी भांडण होईल म्हणून उड्डाणाला जातो हे न सांगता निघालेल्या वैमानिकाची वाट पाहणारे, उशीर झाला तर नियंत्रण कक्षाला फोन करणारे खाली कोणीच नसते.

घरच्यांनी काय विचारावे?

‘विमान पडणार तर नाही ना?’ या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर नसते. त्याऐवजी उत्तर मिळेल असे प्रश्न विचारावेत.

• संस्थेची डीजीसीए श्रेणी कोणती? विमानाची उड्डाणयोग्यता तपासणी कधी झाली? कागद दाखवता येईल का?

• विमान कोणत्या गटातले आहे? त्यावरचे तास पुढच्या परवान्यासाठी धरले जातील का? खासगी परवान्याला किमान ४०, तर व्यावसायिक परवान्याला २०० तास लागतात. खर्च ४० लाखांच्या पुढे जातो. त्यामुळे हे उत्तर लेखी घ्यावे.

• विमानात पॅराशूट आहे का? त्याची मुदत संपलेली नाही ना? इंधन कुठून येते?

• वारा आणि दृश्यमानता किती असेल तर उड्डाण रद्द करायचे, हे आकड्यांत ठरलेले आहे का? मागच्या महिन्यात किती उड्डाणे रद्द झाली? ‘एकही नाही’ हे उत्तर चांगले नसते.

• आयुर्विमा आणि अपघात विमा तपासला का? अनेक पॉलिसींत तिकीट काढून केलेला विमानप्रवास धरला जातो, पण स्वतः विमान उडवताना झालेला अपघात वगळलेला असतो.

देशातील विमान अपघातांची चौकशी विमान अपघात अन्वेषण ब्युरो करतो आणि त्याचे अंतिम अहवाल सर्वांसाठी खुले असतात. मूल ज्या विमानावर शिकणार आहे, त्याच जातीच्या विमानाचे दोन-तीन अहवाल घरात एकत्र बसून वाचले, तर कोणत्या गोष्टीला घाबरायचे आणि कोणत्या नाही, हे बरेच स्पष्ट होते. परदेशात वैमानिकाच्या जोडीदारासाठी छोटे अभ्यासक्रमही असतात. वैमानिकाला अचानक काही झाले तर रेडिओवर कसे बोलायचे आणि विमान कसे उतरवायचे, हे त्यात शिकवतात. ते शिकलेला जोडीदार शेजारच्या आसनावर नुसता जीव मुठीत धरून बसत नाही.

पुढे काय?

अमेरिकेने जुलै २०२५ मध्ये या गटाचे नियम मोठ्या प्रमाणात सैल केले. ६०० किलोची मर्यादा काढून स्टॉल वेगाला मुख्य निकष मानले. स्पोर्ट परवानाधारकाला चार आसनांपर्यंतचे विमान उडवता येईल, मात्र सोबत प्रवासी एकच. वैमानिकांसाठीचे बदल ऑक्टोबर २०२५ पासून, तर विमानांच्या प्रमाणीकरणाचे जुलै २०२६ पासूनचे आहेत. विमान किती लहान आहे यापेक्षा ते किती सावकाश उतरू शकते हे महत्त्वाचे, अशी ही भूमिका आहे. भारतीय नियम वेगळे असले, तरी इथे येणारी नवी विमाने याच बाजारातून येणार आहेत.

नाशिकच्या घरांसाठी मात्र सर्वांत उपयोगी नियम कुठल्याही नियमावलीत नाही. धुळ्याहून किंवा जळगावहून निघण्याआधी मुलाचा फोन आला, तर ‘किती वाजता पोहोचशील?’ याऐवजी ‘हवा बरी नसेल तर आज तिथेच राहा, उद्या ये’ असे सांगायचे. दांडा घरच्यांच्या हातात नसतो, पण परत न येण्याची मोकळीक देणे त्यांच्याच हातात असते.